स्पीच थेरपीत मास्टर्स करायला बाहेर जायचंय? आधी लायसन्स बघा, मग युनिव्हर्सिटी

बीएएसएलपीची, म्हणजे आपल्या ऑडिओलॉजी-स्पीचच्या बॅचलर्स डिग्रीची, इंटर्नशिप चालू झाली की वर्गातले निम्मे लोक बाहेर जायच्या गोष्टी करायला लागतात आणि मग मेसेज येतात, ताई टॉप टेन युनिव्हर्सिटी सांगा ना. मला विचाराल तर हा प्रश्न तिसरा-चौथा आहे. पहिला प्रश्न हा की पेशंट बघायचं लायसन्स तुम्हाला कुठल्या देशात पाहिजे आणि त्यासाठी तिथलं बोर्ड काय काय मागतं. ते एकदा कळलं की युनिव्हर्सिटीची यादी आपोआप छोटी होते. उलटं केलंत, म्हणजे आधी भारी नाव, भारी कॅम्पस, बाकीचं मग बघू, तर दोन वर्षं आणि घरच्यांचं कर्ज घालून हातात अशी डिग्री येऊ शकते जिच्यावर एकही पेशंट बघता येत नाही. गंमत नाही करत, कसं ते सांगते.

अमेरिकेत स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट (एसएलपी) म्हणून काम करायला मास्टर्स ही किमान पात्रता आहे, आपल्यासारखं बॅचलर्सवर प्रॅक्टिस करता येत नाही. तिथली संस्था म्हणजे अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, सगळे तिला आशा म्हणतात (आपल्या आशाताईंशी काही संबंध नाही). तिचं सर्टिफिकेट म्हणजे सीसीसी. ते हवं असेल तर तुमचा मास्टर्स प्रोग्राम सीएए नावाच्या कौन्सिलने मान्यता दिलेला पाहिजे, किंवा मान्यतेच्या उमेदवारीत तरी पाहिजे. आता फसायची जागा बघा. बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये दोन-दोन मास्टर्स असतात, एक क्लिनिकल आणि एक नुसतं रिसर्चचं, नावं जवळजवळ सारखी, वेबसाइटचं पानही तेच. रिसर्चवाल्यात अ‍ॅडमिशन सोपी असते, फीही कधी कधी कमी असते, आणि एजंट खुशाल तेच सुचवतो. त्यात क्लिनिक नाही, क्लॉक अवर्स (क्लिनिकमधले मोजून भरायचे तास) नाहीत, पुढे सीसीसी नाही. पुढे पीएचडी करून संशोधनातच राहायचं असेल तर ठीक, नाहीतर लांब राहा. आशाच्या साइटवर एडफाइंड म्हणून सर्च आहे, त्यात प्रोग्रामचं नाव टाका, दिसला तरच यादीत घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे स्पीच आणि हिअरिंग एकाच डिग्रीत शिकतो, तिकडे दोन्ही वाटा वेगळ्या. ऑडिओलॉजीला तिथे मास्टर्स नाहीच, एयूडी ही डॉक्टरेट करावी लागते, बहुतेक ठिकाणी ४ वर्षांची. त्यामुळे "दोन्ही करीन, मग बघीन" हे तिथे चालत नाही. ऑडिओमीटरच्या मागे बसायला आवडतं का जमिनीवर मांडी घालून मुलाशी खेळत बोलायला आवडतं, हे इथेच ठरवून जा.

बाकीचे देश थोडक्यात. यूकेमध्ये एचसीपीसी या तिथल्या नोंदणी करणाऱ्या संस्थेचं रजिस्ट्रेशन लागतं आणि बीएएसएलपी झालेल्याला दोन वाटा आहेत, तिथे जाऊन दोन वर्षांचं प्री-रजिस्ट्रेशन मास्टर्स करायचं, किंवा इथल्याच डिग्रीवर आणि अनुभवावर इंटरनॅशनल मार्गाने थेट अर्ज करायचा. दुसरी वाट लोकांना माहीतच नसते आणि मग आधीच येत असलेलं परत शिकायला लाखो रुपये भरतात. थेट अर्जाला आयईएलटीएस ८ लागतो, कुठल्याही भागात ७.५ च्या खाली नाही, डॉक्टर-नर्सपेक्षा कडक, आणि खरं सांगायचं तर बरोबरच आहे कारण भाषा हेच आपलं हत्यार. तिथे शिकायलाच जाणार असाल तर लक्षात ठेवा, मास्टर्सनंतर मिळणारा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षाचा होतोय. ऑस्ट्रेलियात स्पीच पॅथॉलॉजी ऑस्ट्रेलियाने मान्य केलेलं दोन वर्षांचं मास्टर्स बघायचं, सिडनी, मेलबर्न, क्वीन्सलँड, ला ट्रोब वगैरे. कॅनडात बाहेरच्यांना जागा इतक्या कमी की तो प्लॅन ए ठेवू नका. आणि एक गैरसमज, "एका देशाचं सर्टिफिकेट मिळालं की सगळीकडे चालतं". अमेरिका, कॅनडा, यूके, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या संस्थांमध्ये एकमेकांना मान्यता द्यायचा करार आहे, पण त्यानेही थोडे कागद कमी होतात एवढंच, व्हिसा आणि लायसन्स वेगळंच. भारत त्या करारात नाही.

इथून पुढे अमेरिकेबद्दलच लिहिते, तिकडचंच मला आतून माहितीय.

अर्जाच्या आधी: चार विषय आणि पंचवीस तास

आशाला चार मूलभूत विषय वेगवेगळे दिसायला लागतात. जीवशास्त्र, फिजिक्स किंवा केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, आणि सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीसारखं काहीतरी. बीएएसएलपीवाल्यांची गाडी दोन ठिकाणी अडकते. एक फिजिक्स, कारण आपण म्हणतो बारावीला सायन्स होतं की, पण त्यांना कॉलेज लेव्हलचं हवं असतं, आणि आपला अकूस्टिक्सचा पेपर त्यात धरायचा का नाही हे त्या-त्या प्रोग्रामचा डायरेक्टर ठरवतो. दुसरं स्टॅटिस्टिक्स. आपल्याकडे रिसर्च मेथड्स आणि स्टॅट्स एकाच पेपरात कोंबलेलं असतं आणि आशाचा नियम असा की स्पीच डिपार्टमेंटचा रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर स्टॅटिस्टिक्स म्हणून चालणार नाही. म्हणून अर्ज करायच्या आधी सिलॅबसची पानं स्कॅन करून डायरेक्टरला साधा ईमेल टाका, हे माझे विषय, यातलं काय धराल आणि काय परत करावं लागेल. उत्तर लेखी मिळालं की ते सांभाळून ठेवा. नंतर "आमच्याकडे हे लागतंच" म्हणून एखाद्या सेमिस्टरची फी वाढण्यापेक्षा हे बरं. आणि सिलॅबस आत्ताच गोळा करा, शिक्का मारलेला, सगळ्या वर्षांचा. तुमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाखाली असो की नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली, पास झाल्यावर चार वर्षांनी जुना सिलॅबस मागायला गेलात की ऑफिसातले "मॅडम आता नवीन पॅटर्न आलाय" म्हणून हात वर करतात.

सायकॉलॉजी, लिंग्विस्टिक्स, बीए इंग्लिश असं काहीतरी करून या फील्डमध्ये येणाऱ्यांनाही दार बंद नाही, पण आधी बेसिक कोर्सेस करावे लागतात, फोनेटिक्स, भाषाविकास, बोलण्या-ऐकण्याची अ‍ॅनाटमी, ऑडिओलॉजीची ओळख, न्यूरो. हे अमेरिकेतल्या काही युनिव्हर्सिटी ऑनलाइन शिकवतात, यूटा स्टेट त्यासाठी बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. भारतात बसून ते करा आणि मग व्हिसाला जा, कारण पूर्ण ऑनलाइन कोर्सवर एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा, व्हिसा मिळत नाही.

क्लॉक अवर्सचं गणित असं, सीसीसीसाठी ४०० तास, त्यात २५ नुसतं निरीक्षण आणि ३७५ प्रत्यक्ष पेशंटबरोबर, आणि ४०० पैकी ३२५ तरी मास्टर्सच्या काळातले पाहिजेत. त्यामुळे इथल्या ओपीडीत तुम्ही घासलेले शेकडो तास तिकडे बहुतेक मोजले जात नाहीत, कारण सुपरवायझरकडे सीसीसी नसतं. वाईट वाटतं, पण रुसून उपयोग नाही. ते तास कागदावर मोजले नाहीत तरी हातात राहतात, आणि पहिल्या सेमिस्टरला जेव्हा बाकीची पोरं मुलाच्या तोंडात टंग डिप्रेसर घालायला घाबरत असतात तेव्हा तुम्ही शांत असता. निरीक्षणाचे २५ तास मात्र बऱ्याच प्रोग्रामना आधीच झालेले आवडतात. मास्टर क्लिनिशियन नेटवर्कवर सेशनचे व्हिडिओ असतात, पण आधी विचारून घ्या तुमची युनिव्हर्सिटी ते धरते का.

अर्ज

बहुतेक प्रोग्राम सीएसडीकास या एकाच पोर्टलवर अर्ज घेतात. साधारण तिकडचा उन्हाळा संपता संपता ते उघडतं, बऱ्याच डेडलाइन डिसेंबर ते फेब्रुवारीत पडतात, आणि ऑफर आली तर १५ एप्रिलपर्यंत हो-नाही कळवायचं असतं. भारतातल्या मार्कांचं कोर्सनिहाय इव्हॅल्युएशन लागतं, लोक सहसा डब्ल्यूईएसकडून करतात, आणि त्याला लागणारे ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठातून बाहेर पडेपर्यंत किती वेळ जाईल याचा नेम नाही, म्हणून गणपतीच्या आधी हे काम मार्गी लावा, एकदा गणपती-नवरात्र-दिवाळी सुरू झाली की फाइल कुणाच्या टेबलावर झोपली ते कळत नाही. आपले ६२ टक्के बघून स्वतःच ०.६२ ला ४ ने गुणून जीपीए काढत बसू नका आणि रडू पण नका, आपलं मार्किंग कडक असतं हे इव्हॅल्युएशन करणाऱ्यांना माहीत असतं. जीआरई बऱ्याच ठिकाणी गेलीय, काही ठिकाणी अजून आहे. टोफेलमध्ये नुसता टोटल बघू नका, अनेक प्रोग्राम स्पीकिंगचा वेगळा कटऑफ लावतात.

आता एसओपी, म्हणजे अर्जाबरोबर तुम्ही स्वतःबद्दल लिहायचा निबंध. हे वाचणारी माणसं दर वर्षी "मला लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड होती" आणि "माझ्या आजोबांना पॅरॅलिसिस झाला तेव्हा मी ठरवलं" हे ढिगाने वाचतात. आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, त्याने वेगळं काही दिसत नाही. तुमच्याकडे जे आहे ते अमेरिकन पोरांकडे नसतं, ते लिहा. समजा सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत चार वर्षांचं पोर आलं, एडिप स्कीममधून मिळालेलं हिअरिंग एड कानाला आहे पण बॅटरी संपलेली, आई पालघरहून दोन गाड्या बदलून आलीय, घरी वारली बोलतात, तिला रोजचा व्यायाम लिहून दिला तर वाचता येत नाही. तुमच्या हातात वीस मिनिटं. तुम्ही काय केलंत? भाकरी थापताना, पाणी भरताना कुठले शब्द किती वेळा म्हणायचे ते करून दाखवलंत? पुढच्या वेळी आईने काय केलं होतं? मूल कुठल्या आवाजाकडे वळलं? हे तीन परिच्छेदात नीट लिहा, आणि एडिप ही सरकारची उपकरणं देणारी योजना आहे हे एका ओळीत सांगा, कारण त्यांना माहीत नाही. मग शेवटी त्यांच्या कुठल्या क्लिनिकमध्ये, कुठल्या लॅबमध्ये तुम्हाला हेच पुढे न्यायचंय ते. दहा युनिव्हर्सिटीला नाव बदलून एकच एसओपी पाठवलेला लगेच ओळखू येतो.

शिफारसपत्रं सहसा तीन. एचओडीची सही भारी दिसते म्हणून त्यांच्याकडे पळू नका, ज्या मॅडमनी तुमचे सेशन बसून बघितलेत त्यांच्याकडून घ्या, आणि त्यांना तुमच्या दोन-तीन केसेस आठवण म्हणून लिहून द्या, बिचाऱ्यांकडे तीस पोरं असतात.

पैसा

क्लिनिकल मास्टर्सला फंडिंग कमी, हे आधीच घरी बसून स्पष्ट बोला. असिस्टंटशिप मिळतात पण बहुतेक थोड्या, आणि कधी कधी दुसऱ्याच डिपार्टमेंटमध्ये. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण क्लिनिक, क्लास आणि रिपोर्ट सांभाळून तेवढं जमेल असं धरून बजेट मांडू नका. स्टेट युनिव्हर्सिटी स्वस्त असते हे खरं, फक्त ते तिथल्या रहिवाशांना, आपल्याला बाहेरचा रेट लागतो. बँकेचं एज्युकेशन लोन सगळ्यांना माहितीय. त्याशिवाय जे. एन. टाटा एंडोमेंट बघा, १८९२ पासून चालू आहे, पण ती लोन स्कॉलरशिप आहे, परत करायची असते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, ओबीसी-भटके विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्या-त्या खात्याच्या वेगळ्या योजना आहेत. शाहू शिष्यवृत्तीला मात्र क्यूएस रँकिंगची अट असते, आणि स्पीचमध्ये नावाजलेली युनिव्हर्सिटी एकूण रँकिंगमध्ये वर असेलच असं नाही, तेव्हा या रस्त्याने जाणाऱ्यांनी दोन्ही याद्या, सीएएची आणि क्यूएसची, शेजारी ठेवून जिथे जुळतं तिथेच अर्ज करा.

निघायच्या आधी

लसी. याच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि मग पहिल्याच महिन्यात क्लिनिकला जाता येत नाही. एमएमआर, कांजिण्या, हेपॅटायटिस बी, यांचे नुसते डोस झाल्याचे कागद नाही तर अनेक ठिकाणी रक्तातल्या अँटिबॉडीजचा रिपोर्ट लागतो. हेपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने जातात, तेव्हा व्हिसाची वाट न बघता सुरू करा. आणि टीबी. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा वण आहे, त्यामुळे हातावर सुई टोचून करतात ती टीबीची टेस्ट आपल्याला पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्सरे, मग सगळे प्रश्न. सरळ सांगायचं, मला लहानपणी बीसीजी दिलंय, रक्ताची टेस्ट करा. त्या टेस्टवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

गाडी चालवायला शिका, खरंच शिका, नुसतं लायसन्स काढून ठेवू नका. दुसऱ्या वर्षाची एक्स्टर्नशिप, म्हणजे कॅम्पसबाहेरचं प्रॅक्टिकल, शाळेत किंवा नर्सिंग होममध्ये असते आणि ती कॅम्पसपासून पाऊण तास लांब, बस जात नाही अशा ठिकाणी निघते. न्यूयॉर्क-बॉस्टनवाले सुटतात, बाकीच्यांना गाडी लागतेच. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, पण तिथे गेल्यावर त्या राज्याचं लायसन्स काढायचंच आहे.

तिकडे पोचल्यावर

अ‍ॅक्सेंटचा प्रश्न सगळ्यांना सतावतो. आशाने १९९८ मध्येच स्पष्ट केलंय की अ‍ॅक्सेंट आहे म्हणून कुणाला या व्यवसायात येण्यापासून अडवता येणार नाही, अट एवढीच की पेशंटला जो आवाज शिकवायचा तो तुम्हाला नीट करून दाखवता आला पाहिजे. आणि इथेच मराठी माणसाला घरचा अभ्यास आहे. आपला एकच व, त्यामुळे व्हेस्ट आणि वेस्ट आपण सारखंच म्हणतो आणि आर्टिक्युलेशन टेस्ट घेताना मुलाचं चूक की बरोबर हे पण ऐकू येत नाही. शब्दाच्या सुरुवातीचा प आपण हवा न सोडता म्हणतो, अमेरिकन कानाला पिन ऐवजी बिन ऐकू येतं. आपला ट टाळूला, त्यांचा हिरडीला. आपला थ दातांवर जीभ टेकवून थांबतो, त्यांचा घासत राहतो. आणि र, बाप रे. आपला र जिभेच्या टोकाने टक् करून सुटतो, तिकडचा कुठेच टेकत नाही, आणि शाळेतल्या एसएलपीकडे र न येणारी मुलं भरपूर येतात, तेव्हा तो र तुम्हाला स्वतःला मागून-पुढून यायलाच हवा. निघायच्या आधी मोबाइलवर रोज दहा शब्द रेकॉर्ड करून ऐका, अ‍ॅक्सेंट बदलायचा नाहीये, फक्त हवा तेव्हा तो आवाज काढता आला पाहिजे. उलट फायदाही आहे, आपल्याला प-फ, त-थ, ट-ठ हे हवेचे फरक, ळ, चमचा आणि चहामधले दोन वेगळे च जन्मापासून ऐकू येतात, त्यामुळे फोनेटिक्सच्या नॅरो ट्रान्स्क्रिप्शनमध्ये मराठी पोरं आरामात पुढे असतात.

भाषेबरोबर लहान-लहान वस्तू पण शिकाव्या लागतात. चित्र दाखवून शब्द विचारायच्या टेस्टमध्ये बर्फातले हातमोजे, पानं गोळा करायचा दाताळ्यासारखा रेक, अंगणातला मेलबॉक्स अशी चित्रं येतात. अफेजियाच्या (मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते त्याच्या) बॉस्टन टेस्टमधलं ते प्रसिद्ध चित्र, पोरगा स्टुलावर चढून बिस्किटं चोरतोय आणि मागे सिंक भरून वाहतंय, ते बघून पेशंट काय काय बोलू शकतो हे मोजायचं तर तिथली बाई तिथल्या स्वयंपाकघराबद्दल सहज काय बोलते हे आधी तुम्हाला माहीत पाहिजे. आजी-आजोबा वयाच्या अमेरिकन माणसाशी गप्पा मारायला बेसबॉल, चर्चचं जेवण, शेती हे विषय लागतात. जा, बसा, ऐका, व्हॉलंटिअरिंग करा.

गिळण्याच्या प्रॉब्लेम्सचं, म्हणजे डिस्फेजियाचं काम तिथे फार मोठं आहे, हॉस्पिटल आणि नर्सिंग होममध्ये तर एसएलपीचा अर्धा दिवस त्यातच जातो. बेडसाइड तपासणीला अ‍ॅपलसॉस, पुडिंग आणि बिस्किट वापरतात, आणि पाणी किती घट्ट आणि अन्न किती मऊ करून द्यायचं याला आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय पट्टी आहे, ० ते ७. द्रवाची टेस्ट तुम्ही घरी आत्ता करू शकता. १० मिलीची सुईशिवायची सिरिंज घ्या, तिची ० ते १० ची पट्टी ६१.५ मिलिमीटरची असली पाहिजे, दट्ट्या काढा, खालचं टोक बोटाने बंद करून १० मिली भरा, बोट काढा, १० सेकंद मोजा, परत बंद करा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर लेव्हल ०, १ ते ४ उरलं तर लेव्हल १, ४ ते ८ तर लेव्हल २, ८ च्या वर तर लेव्हल ३, आणि थेंबही गळला नाही तर लेव्हल ४. पाणी, ताक, भाताची पेज, लस्सी असं ओळीने करून बघा. एका दुपारीत हे डोक्यात असं बसतं की वर्गात परत वाचायला लागत नाही, आणि पुढे एखाद्या मराठी आजींना "थिक लिक्विड द्या" न सांगता "पेज एवढी घट्ट" असं सांगता येतं.

क्लिनिकचं वातावरण वेगळं असतं. सुपरवायझरला पहिल्या नावाने हाक मारायची, "मॅम मॅम" केलं तर ते ऑकवर्ड होतात. तुमचा निदान २५ टक्के वेळ तरी कुणीतरी काचेमागून बघतंय आणि नंतर तोंडावर फीडबॅक देतंय, त्यात "अजून बोललात तर बरं" हे वाक्य आपल्याला हमखास येतं, कारण आपल्याला मोठ्यांनी विचारल्याशिवाय बोलायची सवय नसते. प्रत्येक सेशनची सोप नोट, म्हणजे ठरलेल्या साच्यातली नोंद, त्याच दिवशी लिहायची. आणि पेशंटचं नाव, फोटो, व्हिडिओ कशातही बाहेर जाऊ द्यायचं नाही, पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हिपा नावाचा कायदा आहे, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आज बघा माझा क्यूट पेशंट" असं चुकूनही नाही. शाळेत काम करताना आयईपी हा शब्द दिवसाला वीस वेळा ऐकाल, तो मुलाचा कायदेशीर प्लॅन असतो, त्याच्या मीटिंगमध्ये आईवडील बरोबरीने बसतात.

तिथल्या मराठी घरांमधून एक प्रश्न तुम्हाला नक्की येणार. मूल उशिरा बोलतंय, कुणीतरी सांगितलं घरी फक्त इंग्लिश बोला, मग आता आजीने मराठीत बोलायचं बंद करू का? दोन भाषांमुळे भाषेचा विकार होतो याला पुरावा नाही. हे ठामपणे सांगा, आणि टेस्ट घेताना दोन्ही भाषांमधले शब्द मिळून मोजा, नाहीतर चांगलं मूल इंग्लिशच्या टेस्टवर उगाच मागे दिसतं.

शेवटचा आणि सगळ्यात अवघड भाग: ओपीटी, सीएफ, एच-१बी

डिग्रीनंतर प्रॅक्सिसची परीक्षा, कोड ५३३१, १३२ प्रश्न, अडीच तास, पासिंग १६२. ती बहुतेक लोक शेवटच्या सेमिस्टरला देऊन टाकतात. मग क्लिनिकल फेलोशिप, सीएफ, किमान ३६ आठवडे आणि १२६० तास, सीसीसी असलेल्या मेंटरच्या हाताखाली. आता याच्या शेजारी व्हिसा ठेवून बघा, एफ-१ वर मिळणारं ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर काम करायची परवानगी, १२ महिन्यांची. इंजिनिअर मित्रांना वर आणखी २४ महिने मिळतात, आपलं फील्ड त्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या) यादीत नाही, त्यामुळे मिळत नाहीत. म्हणजे १२ महिन्यांत ३६ आठवड्यांची सीएफ बसवायची, आणि त्याआधी राज्याचं तात्पुरतं लायसन्स यायला हवं, ते काही राज्यांत पटकन येतं आणि काहींत लोंबकळतं, आणि ओपीटीवर बेकारीचे एकूण ९० दिवस संपले की खेळ संपला. म्हणून नोकरी शोधताना राज्याचं लायसन्स किती वेळात मिळतं हे पगाराइतकंच महत्त्वाचं समजा, आणि ओपीटीचा अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधी करता येतो तो त्याच आठवड्यात टाका. एक्स्टर्नशिप पगारी असेल तर सीपीटी, म्हणजे शिकत असतानाची कामाची परवानगी, लागतं, कॉलेजचं इंटरनॅशनल ऑफिस कधी कधी बिनपगारीलाही लावायला सांगतं. फुलटाइम सीपीटी एकूण १२ महिने झालं की ओपीटी जातं, तेवढं मोजत राहा.

मेमध्ये पास झालात तर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीची साधारण एकच संधी मिळते, पुढच्या मार्चमधली. म्हणून लॉटरीबाहेरची नोकरी शोधा. युनिव्हर्सिटी आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा हॉस्पिटलं कॅपमधून, म्हणजे त्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून, मोकळी असतात, साध्या शाळा बहुतेक नसतात. मुलाखतीत लाजायचं नाही, तुम्ही कॅप-एक्झेम्प्ट आहात का, आधी कुणाला स्पॉन्सर केलंय का, हे पहिल्याच फेरीत विचारा. स्पीच थेरपिस्टना एच-१बीच्या वेळी व्हिसास्क्रीन सर्टिफिकेटही लागतं, डिग्री अमेरिकेतली असली तरी, आणि हे कित्येक एचआरना माहीत नसतं, वकिलालाही आठवण करून द्यावी लागते. सीजीएफएनएस म्हणजे हल्लीचं ट्रूमेरिट ते देतं, तुमच्या भारतातल्या विद्यापीठाचे कागद परत लागतात. एच-१बीच्या फीचे आणि निवडीचे नियम सध्या सारखे हलतायत, त्यामुळे जुन्या सीनियरने सांगितलं ते धरून न चालता त्या वर्षीचं यूएससीआयएस या तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर बघा.

आणि हे सगळं जुळलं नाही आणि परत यावं लागलं तर सीसीसी वाया जात नाही, ते दर तीन वर्षांनी ३० तासांचं शिक्षण करून चालू ठेवता येतं, कुठूनही. भारतात प्रॅक्टिसला मात्र आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा, नंबर लागतो, त्यामुळे बीएएसएलपीचं रजिस्ट्रेशन बाहेर असतानाही मरू देऊ नका, सीआरईचे (चालू शिक्षणाचे) पॉइंट्स ऑनलाइन गोळा करत राहा, आणि परदेशी डिग्री त्यात चढवायला मार्कशीट, सिलॅबस, क्लॉक अवर्सचा सही-शिक्क्याचा तक्ता हे सगळं युनिव्हर्सिटी सोडायच्या आधीच मागून घ्या, कारण सुपरवायझर नोकऱ्या बदलतात आणि दोन वर्षांनी सही द्यायला तिथे कुणी नसतं.